खापरा किडा आणि समुद्रमार्गाचा व्यापार

धान्य, कडधान्य आणि तेलबिया यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या सभासद बंधूंना धान्यातील किडीची ओळख करून देण्याचे वस्तुतः काही कारण नाही. टोके, सोंडकिडे, पोरकिडे, जाळी धरणारे पतंग ही सारी मंडळी पिढ्यानुपिढ्या आपल्या वखारीतील बिनभाड्याची कुळेच होत. तथापि या जुन्या ओळखीत एक समज इतका मुरला आहे की, तो तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जी कीड झपाट्याने वाढते तीच व्यापाराची मोठी वैरीण, असे आपण धरून चालतो. वखारीपुरते ते बरेचसे खरेही आहे. परंतु माल एकदा बंदरातून जहाजावर चढला की हिशेब पालटतो. कीटकशास्त्रज्ञांनी किडींच्या आयुष्यक्रमावर आणि जहाजवाहतुकीच्या अभ्यासकांनी जहाजांच्या फेऱ्यांवर जे संशोधन केले आहे, ते शेजारी शेजारी ठेवून वाचले असता असे दिसते की, समुद्रमार्गाच्या व्यापाराला सर्वांत जड गेलेली कीड वाढीच्या बाबतीत मध्यमच आहे. तिचे बळ आहे ते वाट पाहण्यात. तिचे नाव खापरा. आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या तांदळाच्या व कडधान्याच्या पोत्यांना आज ज्या अटी लागू होतात, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी हा तीळभर किडा आहे. म्हणून त्याचा वृत्तांत जरा सविस्तर पाहणे इष्ट ठरेल.

समुद्र हा एके काळी किडीच्या वाटेतील खरोखरीचा तट होता. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण द्राक्षवेलीचे आहे. अमेरिकेतील द्राक्षवेलींच्या मुळांवर व पानांवर फायलोक्सेरा नावाचा मावावर्गीय सूक्ष्म कीटक असे. अमेरिकन वेली युरोपात पूर्वीपासून नेल्या जात होत्या, पण शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडण्यास कित्येक आठवडे लागत आणि तेवढ्या अवधीत वेलीवरचा हा नाजूक जीव टिकत नसे. वाफेच्या जहाजांनी तोच प्रवास दहाबारा दिवसांवर आणला. १८६० नंतरच्या दशकात दक्षिण फ्रान्समधील मळेच्या मळे कोणत्याही दृश्य कारणावाचून वाळू लागले, आणि १८६८ मध्ये माँपेलिये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांचे सहकारी यांनी वेली उपटून मुळे पाहिली तेव्हा त्यांवर पिवळसर किड्यांचे थर आढळले. शेवटी अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपीय वेलीचे कलम बांधण्याचा उपाय निघाला, आणि जगातील बहुतेक द्राक्षमळे आजही त्याच रीतीने लावले जातात. मळ्यावर हे संकट नेमके त्याच काळात का आले, याचे उत्तर इतिहासकार जहाजांच्या वाढलेल्या वेगात शोधतात. प्रवास आखूड झाला आणि तट पडला.

हा धडा सरकारांनी पुढे गिरविला, आणि त्यात आपल्या मुंबई बंदराचाही वाटा आहे. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरलेल्या कापसाच्या बोंडातील सोंडकिड्याने अमेरिकेतील कापूस उत्पादकांची दाणादाण उडविली होती. तो आयात कापसाच्या गाठींतून हिंदुस्थानात येऊ नये म्हणून १९०६ साली मुंबई बंदरात अशा गाठींना विषारी वायूची धुरी देणे सक्तीचे झाले, आणि १९१४ साली विध्वंसक कीटक व रोग यांविषयीचा कायदाच करण्यात आला. तो सोंडकिडा आजतागायत या देशात स्थिरावलेला नाही. आपण किडीला दारात अडविले याचे हे उदाहरण. आपल्याच दारातून बाहेर पडलेल्या किडीची गोष्ट मात्र याच्या उलट आहे, आणि व्यापाऱ्याला तीच अधिक जवळची आहे.

खापरा हा भुंगेऱ्यांच्या अशा कुळातील आहे की, ज्याचे बाकीचे सभासद लोकर, कातडी, पिसे, मेलेले कीटक यांवर उपजीविका करतात. याने मात्र धान्य पत्करले. त्याचे मूळ ठिकाण भारतीय उपखंड असावे असे मानले जाते. गंमत अशी की, त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते युरोपात. १८९८ साली एव्हर्ट्‌स या डच कीटकशास्त्रज्ञाने त्याला ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम असे नाव दिले, म्हणजे त्या वेळेपर्यंत तो जहाजात बसून युरोपात पोहोचलाही होता. १९१७ साली ब्रिटिश संग्रहालयातील ॲरो या शास्त्रज्ञाने भारतीय नमुन्यांना वेगळी जात समजून तिला आपल्याकडचेच ‘खापरा’ हे नाव जोडले. पुढे ही जात एव्हर्ट्‌सचीच असल्याचे ठरले, पण इंग्रजी भाषेत या किड्याला आजही खापराच म्हणतात. आपल्या वखारीतला एक शब्द जगातील बहुतेक बंदरांच्या तपासणी खात्यांत तोंडपाठ झाला, तो असा.

पूर्ण वाढलेला भुंगेरा दोनतीन मिलिमीटर लांब, तपकिरी, अंडाकृती असतो. तो फार तर एकदोन आठवडे जगतो आणि जवळजवळ काहीच खात नाही. मादी आयुष्यात साधारण ५० ते ९० अंडी घालते. सारी नासाडी अळीची. ती केसाळ, पिवळसर तपकिरी, पाचसहा मिलिमीटरपर्यंत वाढणारी असते. दाण्याच्या अंकुराकडून खाण्यास आरंभ करते आणि वाढताना पुनःपुन्हा कात टाकते. किडलेल्या थप्पीवर या कातींचा व केसांचा जो भुसा साचतो, तो खाण्यात गेल्यास आतड्याला व हाताळताना त्वचेला अपाय करतो. म्हणून चाळूनही तो माल खाण्यास योग्य राहत नाही.

या भुंगेऱ्याविषयीची एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याला पंख असतात, परंतु तो उडत नाही. टोळ वाऱ्याबरोबर देश ओलांडतात, फुलपाखरे समुद्रसुद्धा ओलांडतात. खापरा वखारीच्या एका भिंतीकडून दुसरीकडे सरपटत जातो तेवढाच. म्हणजे जगाच्या नकाशावर तो आज जेथे जेथे आहे, तेथे तेथे त्याला कोणीतरी मालाबरोबर नेऊन पोहोचविले आहे. त्याचा प्रसार म्हणजे व्यापाराच्याच वाटांची नोंद होय.

आता वाढीच्या वेगाचा प्रश्न घेऊ. इंग्लंडमध्ये स्लाऊ येथे साठविलेल्या अन्नधान्यातील किडींच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा होती. तेथील हाऊ या संशोधकाने १९६५ साली निरनिराळ्या धान्यकिडींना वाढीसाठी किमान व उत्तम हवामान कोणते लागते आणि उत्तम परिस्थितीत त्या २८ दिवसांच्या महिन्यात किती पटीने वाढू शकतात, याचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. या विषयात ते आजही आधारभूत मानले जाते. त्यात पिठातील तांबडा भुंगेरा महिन्यात ७० पट, तांदळातील सोंडकिडा २५ पट, दाणे पोखरणारा लहान भुंगेरा २० पट वाढू शकतो असे दाखविले आहे. खापऱ्याचा आकडा आहे साडेबारा. म्हणजे आपण ज्याला साधा पिठातला किडा म्हणून चाळणीने झटकतो, तो खापऱ्याच्या पाचपटीहून अधिक वेगाने वाढतो. तरीही पिठातल्या किड्यासाठी कोणत्या देशाने बंदरे अडविल्याचे ऐकिवात नाही.

त्याच कोष्टकातील दुसरे रकाने पाहिले म्हणजे उलगडा होऊ लागतो. तांदळातील सोंडकिड्याला हवेत निदान ६० टक्के आर्द्रता लागते. खापरा १ टक्का आर्द्रतेतही वाढतो. त्याला मानवणारे तापमान ३३ ते ३७ अंश सेल्सिअस आहे. ज्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात इतर किडी मंदावतात, तो याचा सुगीचा हंगाम. दाणा कोरडा ठेवला की कीड लागत नाही, हा आपला अनुभवसिद्ध नियम सोंडकिड्याला लागू पडतो; खापऱ्याला पडत नाही.

तथापि त्याचे खरे सामर्थ्य याहून निराळ्या ठिकाणी आहे. गर्दी झाली, थंडी पडली, अन्न संपत आले किंवा स्वतःचीच घाण फार साचली की, खापऱ्याच्या काही अळ्या वाढ थांबवितात. त्या धान्य सोडून निघतात आणि भिंतीच्या भेगा, फरशीचे सांधे, तुळयांची खोबण, पोत्याची शिवण अशा ठिकाणी शिरून निपचित पडतात. अशा सुप्तावस्थेतील अळी अन्नावाचून महिनेच्या महिने, कधी वर्षेही काढते. अधूनमधून बाहेर येऊन थोडे खाते, पुन्हा आत जाते. सगळ्या अळ्या एकदम जाग्या होत नाहीत. आज चार, पुढच्या महिन्यात दोन, पुढल्या साली आणखी काही, असे चालते. स्लाऊ येथेच बर्जेस या संशोधकाने या अवस्थेचा बारकाईने अभ्यास केला आणि १९६२ साली दाखवून दिले की, खापऱ्याचे उपद्रवमूल्य व त्याचा बंदोबस्त करण्यातील अडचण ही दोन्ही या सुप्तावस्थेशीच निगडित आहेत. सावकारी भाषेत बोलायचे तर हा किडा आपले सारे भांडवल कधीच एका सौद्यात घालीत नाही.

अमेरिकेला याचा प्रत्यय महाग पडला. १९५३ साली कॅलिफोर्नियातील टुलेअरी परगण्यात धान्याच्या वखारीत खापरा आढळला. मागे वळून शोध घेता असे दिसले की, १९४६ मध्ये फ्रेझ्नो येथे तो सापडलाच होता, पण गालिच्यातील काळा भुंगेरा समजून त्याकडे दुर्लक्ष झाले होते. मधल्या सात वर्षांत तो कॅलिफोर्नियाबरोबरच ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास व शेजारच्या मेक्सिको देशात पसरला. आणि त्याच्या प्रसाराच्या साधनांत वापरलेली तागाची पोती प्रमुख होती. १९५५ पासून निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. वखारीच्या वखारी, छपरासह सगळ्या इमारती, प्रचंड ताडपत्र्यांत गुंडाळून त्यांत मिथाइल ब्रोमाइड वायू सोडण्यात आला. मोहीम १९६६ पर्यंत चालली आणि तिला सुमारे १ कोटी १० लक्ष डॉलर खर्च आला. इमारत का गुंडाळावी लागली, हे सुप्तावस्थेविषयी वर जे सांगितले त्यावरून ध्यानात येईल. केवळ थप्पीवर ताडपत्री टाकून धुरी दिली असता थप्पीतील कीड मरते. भिंतीच्या भेगेतील अळी ताडपत्रीच्या बाहेरच असते, आणि नवा माल आला की पुन्हा ती कामाला लागते. आपल्याकडे थप्पीला धुरी देऊन निश्चिंत होण्याची जी रीत आहे, तिच्यातील उणीव नेमकी हीच आहे.

येथवर किड्याविषयी झाले. आता जहाजाकडे वळू. जहाजाच्या पोटातील माल भरण्याची कोठारे म्हणजे लोखंडाच्या भिंतींची वखारच. तिच्या बरगड्यांमागे, नळांच्या आवरणाखाली, तळाच्या फळ्यांखाली मागच्या सफरीचे ओंजळभर दाणे व भुसा राहून जातो. सोंडकिड्यासारख्या किडीला अशा ठिकाणी दोन सफरींमधील रिकामा काळ कठीण जातो. खापऱ्याच्या अळीला तो काळ झोप काढण्यापुरता असतो.

या संदर्भात जहाजवाहतुकीवरील एक अलीकडचे संशोधन उद्‌बोधक आहे. जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठाचे ब्लासिउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ या एका वर्षातील १६,३६३ मालवाहू जहाजांच्या फेऱ्या तपासून त्यांचे जाळे रेखाटले, आणि ते २०१० साली प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले की, कंटेनर वाहणारी जहाजे ठरलेल्या बंदरांच्या मालिकेत पुनःपुन्हा फिरतात. मोटारबसप्रमाणे त्यांचा मार्ग व वेळ बरीचशी निश्चित असते. याउलट धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल वाहणारी जहाजे मिळेल त्या भाड्याला मिळेल त्या बंदरी जातात. त्यांच्या पुढच्या फेरीचा अंदाज बांधणे कठीण असते. या संशोधकांचे लक्ष मुख्यतः जहाजांबरोबर पसरणाऱ्या सागरी जीवांकडे होते. धान्याच्या व्यापाऱ्याने त्यातून जो अर्थ काढावा तो माझ्या मते असा: सुटे धान्य ज्या जहाजात भरले जाते, त्या जहाजाने मागील दोनतीन सफरींत काय वाहिले होते, हे धान्याच्या मालकाला आपोआप कळण्याची व्यवस्था नाही. आणि नेमकी याच जहाजांत वाट पाहणारी कीड बसलेली असण्याचा संभव आहे. ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांसारखे मोठे निर्यातदार देश धान्य भरण्यापूर्वी जहाजाची रिकामी कोठारे अधिकाऱ्यांकडून तपासून घेतल्याशिवाय एक दाणाही आत जाऊ देत नाहीत, ते याचसाठी.

मग असा किडा सर्व जगभर का पसरला नाही? कारण त्याला पोहोचणे सोपे असले तरी ठाण मांडणे सोपे नाही. हाऊ व लिंडग्रेन यांनी १९५७ साली अमेरिकेत तो किती पसरू शकेल याचा अदमास हवामानावरून मांडला. ऑस्ट्रेलियातील बँक्स यांनी १९७७ मध्ये जगभरातील नोंदी तपासून त्याच्या वस्तीचा नकाशा सिद्ध केला. ढोबळ नियम असा की, वर्षातील निदान चार महिने सरासरी तापमान २० अंशांच्या वर आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असेल, तर तो प्रदेश खापऱ्याला मानवतो. दमट मुलखात सोंडकिडा व इतर किडी त्याला मागे टाकतात. थंड देशांतही जेथे मनुष्याने ऊब निर्माण केली, तेथे मात्र तो टिकला. इंग्लंडमध्ये बार्लीला मोड आणून भाजण्याचे जे कारखाने असतात, ते त्याचे घर बनले.

आपल्या समाजाच्या पेढ्या ज्या ज्या ठिकाणी आहेत त्यांना हा नियम लावून पाहावा. ग्वाल्हेरचा उन्हाळा खापऱ्याला हवा तसाच आहे. इंदूर आणि हैदराबाद येथेही चैत्र-वैशाख त्याला अनुकूलच. गोव्याची व मुंबईची दमट हवा त्याला प्रतिकूल. परिणामी असे घडते की, माळव्यात किंवा ग्वाल्हेरकडे पोत्याच्या शिवणीत शिरलेली अळी बंदरातील वखारीत येते, तेव्हा तेथे डोळ्यांना दिसतात ते सोंडकिडे. तपासणारा त्यांचीच दखल घेतो, त्यांच्यासाठी धुरी देतो आणि माल शुद्ध समजतो. शिवणीतली अळी त्या मुक्कामात हालचालच करीत नाही. ती जागी होते ती पलीकडच्या किनाऱ्यावर, कोरड्या हवेच्या वखारीत. बंदरातील नमुना नेहमी बंदराच्या हवेचीच कीड दाखवितो, ही गोष्ट मूळ ठिकाणच्या व्यापाऱ्याने विसरता कामा नये.

धुरीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मिथाइल ब्रोमाइड हा वायू लवकर मुरतो, एकदोन दिवसांत काम करतो आणि सुप्त अळ्यांवरही बऱ्यापैकी चालतो. परंतु वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचे आवरण तो विरळ करतो असे सिद्ध झाल्यामुळे माँट्रियल करारान्वये तो बंद करण्याचे ठरले. पुढारलेल्या देशांत २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांत २०१५ पर्यंत. परदेशी मालाच्या संसर्गरोधासाठी व जहाजावर चढविण्यापूर्वीच्या धुरीसाठी तेवढी त्याला सूट आहे. बाकी सर्व भिस्त आता फॉस्फिन वायूवर आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने विरघळून तो वायू सुटतो, आणि कीटक श्वासाबरोबर तो आत घेतो. येथेच गोम आहे. सुप्त अळीचा श्वासोच्छ्वास अगदी मंद असतो, म्हणून तिच्या अंगात वायू सावकाश जातो. तिला मारण्यास दिवस जास्त लागतात आणि तेवढे दिवस वायू आत टिकून राहावा लागतो. घाईने दोन दिवसांत ताडपत्री काढली, अथवा ताडपत्रीच फाटकी असली, तर दुबळ्या किडी मरतात आणि कणखर तेवढ्या मागे उरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभरातून धान्यकिडींचे नमुने मागवून केलेल्या पाहणीत सुमारे दहा टक्के नमुन्यांत फॉस्फिनला दाद न देण्याची लक्षणे तेव्हाच आढळली होती. त्यानंतरच्या काळात ही अडचण वाढलीच आहे. जहाज समुद्रावर असतानाच कोठारात धुरी चालू ठेवण्याची पद्धत या दृष्टीने सोयीची. तिच्यात वायूला हवे तेवढे दिवस मिळतात. मात्र वायू खलाशांच्या राहण्याच्या जागेत झिरपला तर प्राणावर बेतते, म्हणून तिचे नियम कडक आहेत व ते तसेच असावेत.

आयात करणारे देश आता वायूवर विसंबून राहत नाहीत. अमेरिकेने २०११ साली खापरा असलेल्या देशांतून प्रवाशांनी सामानाबरोबर तांदूळ आणण्यास बंदी केली. व्यापारी तांदळाला माल तपासला असून खापऱ्यापासून मुक्त आहे अशा नोंदीचा सरकारी दाखला आवश्यक ठरविला. परदेशी असलेल्या मुलालेकींसाठी तांदळाची पिशवी बांधून नेणाऱ्या आईबापांना विमानतळावर ती टाकून द्यावी लागते, त्याचे कारण हे. ऑस्ट्रेलियात २००७ साली पर्थ येथे परदेशाहून राहावयास आलेल्या एका कुटुंबाच्या घरगुती सामानात खापरा निघाला, आणि सबंध घराला धुरी द्यावी लागली. २०२० मध्ये तर तो आयात केलेल्या शीतकपाटांच्या वेष्टनात सापडला. शीतकपाट आणि धान्यकिडा यांचा संबंध काय? संबंध कंटेनरचा. त्याच कंटेनरने मागे केव्हातरी धान्य वाहिले असावे, त्याच्या लाकडी तळाच्या फटीत दाणे व अळ्या राहिल्या असाव्यात, असा तेथील अधिकाऱ्यांचा कयास. २०२१ पासून त्या देशाने खापऱ्याचा वावर असलेल्या देशांतून येणाऱ्या विशिष्ट कंटेनरांना, आत माल कोणताही असो, धुरी वा उष्णतेचा उपचार सक्तीचा केला आहे. म्हणजे आता धान्याचा व्यापार न करणाऱ्या, भांडी किंवा कापड पाठविणाऱ्या आपल्या सभासदांनाही या किड्याचा खर्च सोसावा लागू शकतो.

आपल्या पेढ्यांपुढे या सर्वांत आणखी एक अडचण असते, आणि ती उघड बोलली जात नाही. वायूची धुरी म्हणजे एका रात्रीत असंख्य जीवांचा संहार, हे जाणून त्या कागदावर सही करताना जुन्या वळणाच्या मंडळींचा हात अडखळतो. काही घरे म्हणून धान्याच्या निर्यातीत पडलीच नाहीत, असेही पाहण्यात आहे. आयात करणाऱ्या देशाची अट असेल तेथे धुरी चुकविता येणार नाही. हे स्पष्टच आहे. पण धुरीच्या वेळी थप्पीत किती जीव असतील, हे बहुतांशी त्या अगोदरच्या सहा महिन्यांत ठरलेले असते. खापऱ्यावरील संशोधन वारंवार ज्या गोष्टींकडे बोट दाखविते त्या, म्हणजे भेगा बुजविणे, सांडलेले दाणे न ठेवणे, जुना व नवा माल एकत्र न करणे, यांतील प्रत्येक गोष्ट जीव उत्पन्न होण्याआधीची आहे. आपल्या घरातील वडीलधारी ज्याला जयणा म्हणत, तिचेच हे वखारीतील रूप होय. संहार टळण्याचा याहून मोठा वाव दुसरीकडे मला तरी दिसत नाही.

याच दिशेने जाणारी एक जुनी सोय आपल्या प्रदेशात होती. सांगलीजवळ हरिपूर येथे, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हळद साठविण्याची पेवे शेकडोंनी होती. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच निकामी झाली. ज्वारीसाठी अशी पेवे सोलापूर, विजापूर, बेळगाव भागांत गावोगाव असत. कानडीत त्यांना हगेव म्हणतात. अरुंद तोंडाच्या या खड्ड्यात माल भरून तोंड मातीने लिंपले की, आतील प्राणवायू दाण्यांच्या व किड्यांच्या श्वासोच्छ्वासाने कमी होत जातो. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, हा जो दंडक आहे त्याचे कारणही तेच. ऑस्ट्रेलियातील बेली या संशोधकाने १९५५ साली बंद भांड्यांत सोंडकिडे ठेवून दाखविले की, हवेतील प्राणवायू २ टक्क्यांच्या आसपास उतरला की ते जगत नाहीत. अगदी आरंभीच माल कोरडा व स्वच्छ भरला तर तेवढी पाळी येण्यापूर्वीच किडीची वाढ खुंटते. आज हीच क्रिया हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत व मोठ्या आच्छादनांत घडवून आणता येते, आणि कंटेनरमध्ये अशी हवाबंद अस्तरे लावून माल पाठविण्याची सोयही उपलब्ध आहे. सुप्त खापऱ्याला कमी प्राणवायूतही अधिक दिवस लागतात, हे येथेही ध्यानात ठेवावे. समुद्रप्रवासाचे आठवडे या कामी उपयोगी पडतात.

राहता राहिले बारदान आणि कंटेनर. निर्यातीच्या मालाला वापरलेली पोती कधीही घेऊ नयेत. ताग दिसावयास स्वच्छ असला तरी शिवण उसवून पाहिल्याखेरीज तो स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही, आणि प्रत्येक पोत्याची शिवण कोणी उसवीत नाही. परत आलेल्या रिकाम्या पोत्यांचा ढीग भरलेल्या थप्पीशेजारी ठेवण्याची सवय तर तात्काळ सोडावी. कॅलिफोर्नियातील अनुभवानंतर तिचे समर्थन करणे कठीण आहे. वखारीच्या भिंतीतील भेगा चुना-सिमेंटने बुजवाव्यात आणि थप्पी भिंतीपासून हातभर दूर लावावी, म्हणजे मागून झाडता येते. झाडून निघालेला केर वखारीच्या मागे टाकू नये. कंटेनर आला की भरण्यापूर्वी त्याची दारे पूर्ण उघडून, विजेरी घेऊन, तळाच्या फळ्यांचे सांधे, दाराच्या रबराची खाच आणि चारही कोपरे पाहावेत. केसाळ कात किंवा दाण्यांचा चुरा दिसल्यास कंटेनर परत पाठवावा. अशा वेळी हमालांची एक दिवसाची मजुरी अंगावर पडते, पण परक्या बंदरात अडकलेल्या मालाच्या भाड्यापुढे ती क्षुल्लक होय. कंटेनरने मागील सफरीत काय वाहिले होते हे आपल्या क्लिअरिंग एजंटामार्फत जहाज कंपनीला विचारावे. उत्तर दर वेळी मिळेलच असे नाही. तरी विचारणा लेखी करावी आणि तिची प्रत मालाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.